सव्वा महिना

परवा लेक आली माहेरी. सातवा संपत आलाय. पुण्याहून गाडीने कर्जतला उतरली आणि भिसेगावात माझ्या आईच्या घरी ओट्यावर टेकली ती पहिलं वाक्य हेच म्हणाली, "आई, कंबर गेली गं माझी."

झालं! घरात तीन पिढ्यांच्या बायका हजर आणि प्रत्येकीकडे आपापला उपाय. माझी आई ब्याऐंशीची. ती म्हणाली, "रोज ओणवं होऊन फरशी पूस, म्हणजे काही दुखत नाही. आम्ही काय खुर्चीत बसून पोरं काढली?" लेकीने मोबाईल काढून फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम दाखवले. त्यात गुडघ्यांवर आणि हातांवर रांगत उभं राहून पाठीला बाक देण्याचा एक प्रकार होता. तो पाहून आई खूश. "हेच ते! फरशी पुसणं! फक्त फडकं नाही हातात."

आम्ही हसलो खूप. पण रात्री मला झोप लागेना. आमच्या बायकांच्या कंबरेचा इतिहास कुणी लिहिलाय का? राजांचे इतिहास आहेत, रेल्वेचे आहेत. ज्या कंबरेवर हे सगळं उभं राहिलं तिचं काय? म्हणून आज हे थोडं विस्ताराने. मी काही इतिहासकार नाही, वाचलेलं आणि पाहिलेलं एकत्र बांधतेय एवढंच.

आधी आमच्या घरातली ती खोली. भिसेगावातलं आमचं जुनं घर आता राहिलं नाही, पण त्यात माजघराच्या मागे एक अंधारी खोली होती. आम्ही तिला बाळंतिणीची खोलीच म्हणायचो. वर्षातले दहा महिने तिथे भाताच्या कणग्या आणि कांदे. घरात कुणाचं दिवस भरत आलं की कणग्या बाहेर, जमीन सारवून घ्यायची आणि सुंभाची बाज आत. माझा जन्म त्याच खोलीतला, १९६५ चा. बाजेखाली शेगडी, तिच्यात निखारे, निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशेपा. रोज सकाळी तेल लावायला बाई यायची. आधी बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायची, मग बाळंतिणीला चोळायची, कढत पाण्याने न्हाऊ घालायची आणि शेवटी जुन्या नऊवारीचा पट्टा करून पोट-कंबर करकचून बांधायची. खायला आळिवाची खीर, डिंकाचे लाडू, गरम भात-तूप. पाचवीची पूजा, बाराव्या दिवशी बारसं, आणि सव्वा महिना बाईने घराबाहेर पडायचं नाही.

आता हे सगळं आजीबाईचं खूळ म्हणून सोडून देता येत नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात आठव्या अध्यायात सूतिकेची काळजी सांगितली आहे. तिला तूप-तेल पाजावं, पोटाला तूप-तेल लावून मोठ्या वस्त्राने गुंडाळावं, म्हणजे रिकाम्या झालेल्या पोटात वायूला जागा मिळत नाही, असा त्यामागचा विचार. वायूचा सिद्धांत बाजूला ठेवा. पण नऊ महिने ताणल्या गेलेल्या पोटाच्या स्नायूंना बाहेरून आधार द्यायचा, ही युक्ती आजीच्या नऊवारीपासून आजच्या वेल्क्रोच्या पोटपट्ट्यापर्यंत तशीच चालत आली आहे. सुश्रुताने गर्भिणीने काय टाळावं त्याची यादी दिली आहे. त्यात रात्रीचं जागरण आहे, उकिडवं बसणं आहे, आणि वाहनात चढणंही आहे. कर्जत लोकलचा तर त्याला पत्ताही नव्हता बिचाऱ्याला!

चुकीचंही होतंच. बंद खोलीत निखाऱ्यांचा धूर हा आई आणि बाळ दोघांनाही घातक, हे आता आपल्याला माहीत आहे. चाळीस दिवस बाजेवर पडून राहणंही बरं नव्हे. पायांतल्या शिरांमध्ये रक्ताची गाठ होण्याचा धोका बाळंतपणानंतर वाढलेला असतो, हालचालीने तो कमी होतो. गंमत म्हणजे ही चूक फक्त आपली नव्हती. युरोप-अमेरिकेतल्या इस्पितळांतही बाळंतिणीला दहा-दहा दिवस उठू देत नसत. १९४० च्या दशकात, युद्धाच्या काळात खाटा कमी पडू लागल्या, बायकांना लवकर उठवणं भाग पडलं, आणि मग डॉक्टरांच्या लक्षात आलं की लवकर उठलेल्या बायका उलट लवकर सावरतात. शहाणपण कधीकधी असं अडचणीतून येतं.

असो. सव्वा महिन्याची विश्रांती खरी होती, पण तिच्या आधीचे नऊ महिने?

आमची आजी सांगायची, पोटात बाळ असताना पहाटे चारला जात्यावर बसायचं. जात्याने बाळंतपण सुटसुटीत होतं अशी समजूत. त्यात तथ्य किती आणि सोय किती, कोण जाणे, कारण दळण कुणाला तरी दळायलाच हवं होतं. घाटावर मुळशीच्या खोऱ्यात गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी १९८० च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, हजारोंनी. एवढ्या ओव्या रचल्या गेल्या यावरूनच कळतं की बायकांचे किती तास त्या दगडापाशी गेले असतील.

मग पाणी. विहिरीवरून किंवा उन्हाळ्यात उल्हास नदीवरून, डोक्यावर हंडा-कळशी. मग चूल, तीही जमिनीवरची, म्हणजे उकिडवं बसणं आलंच. आणि पावसाळ्यात लावणी. हा सगळा मुलूख भाताचा. आवण काढायचं, मुठी बांधायच्या, आणि घोटाभर चिखलात दिवसभर वाकून रोपं लावायची. पाठीवर इरलं. ज्यांनी लावणी कधी केली नाही त्यांनी एकदा दहा मिनिटं तरी करून पाहावी. उठताना कंबर कुणाची असते ते कळत नाही! आजीच्या काळी आठव्या महिन्यातली बाई बांधावर बसून राहिलीय हे दृश्य कुणी पाहिलं नव्हतं.

म्हणून मला वाटतं, आमच्या घरातल्या बायकांची कंबर कुठल्या डॉक्टरने नाही, तर चार वस्तूंनी वाचवली. पिठाची गिरणी, घरातला नळ, उभ्याने स्वयंपाक करायचा ओटा आणि गॅस. आई अजून म्हणते, ज्या दिवशी मोरीत नळ आला त्या दिवशी तिने नळाला हळदकुंकू वाहिलं होतं.

आता जरा मागे जाऊ. भिसेगाव म्हणजे कर्जत स्टेशनच्या कुशीतलं गाव. रूळ ओलांडले की बाजार. आमचं सगळं आयुष्य या रुळांच्या तालावर गेलं. घाट चढायला गाडीला मागून इंजिनं जोडतात, तोवर फलाटावर वडा खाऊन होतो. पण हा घाट बांधला कुणी? बोरघाटाचं काम १८५६ ला सुरू झालं आणि १८६३ ला गाडी वर गेली. जेम्स बर्कले मुख्य अभियंता. पंचवीस बोगदे. १८६१ साली तर एकाच वेळी बेचाळीस हजारांच्या आसपास माणसं कामावर होती. पुस्तकांत एका बाईचं नाव आवर्जून येतं, अॅलिस ट्रेडवेल. नवरा सॉलोमन ट्रेडवेल ठेकेदार म्हणून १८५९ ला आला आणि आल्या आल्या वारला. या बाईने ठेका सोडला नाही, जाणकार माणसं नेमून काम पुरं करून घेतलं. कौतुकाचीच गोष्ट.

पण त्या बेचाळीस हजारांत दुसऱ्याही बायका होत्या. मजूर कुटुंबंच्या कुटुंबं घेऊन येत. पुरुषांनी खोदायचं आणि बायका-मुलांनी पाटीत माती-दगड भरून डोक्यावरून वाहायचे, ही त्या काळी रेल्वेच्या बांधकामाची सर्रास पद्धत होती. सात वर्षं चाललेलं काम. त्या सात वर्षांत त्या झोपड्यांमध्ये किती पोरं जन्माला आली असतील? कुणाला सव्वा महिना मिळाला असेल? पटकीच्या साथी आल्या, माणसं पटापट मेली, त्याच्या नोंदी आहेत. पाठीच्या दुखण्याची नोंद कोण ठेवतो? खंडाळ्याकडे जाताना बोगद्यात गाडी शिरली की आता मला हटकून त्या पाट्या आठवतात.

दुसरा धागा आमच्या शेजारच्या खालापूर तालुक्यातला. १९१५ साली टाटांचं खोपोलीचं वीजघर सुरू झालं. लोणावळ्याच्या धरणांचं पाणी घाटावरून खाली सोडायचं आणि त्या पाण्यावर वीज करायची. ही वीज कुठे गेली? मुंबईच्या कापडगिरण्यांत. म्हणजे आमच्या डोंगरातून पडणाऱ्या पाण्यावर परळ-लालबागचे साचे फिरू लागले. आणि त्या गिरण्यांत आमच्या कुलाबा जिल्ह्यातली, रत्नागिरीतली, घाटावरची माणसं होती. बायकाही होत्या, प्रामुख्याने सूत गुंडाळायच्या खात्यांत. दिवसभर उभं राहायचं काम.

गिरणीतल्या बायका गप्प होत्या असंही नाही बरं का. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० मध्ये रविवारच्या सुट्टीसाठी सभा घेतली, तिथे दोन कामगार बायकाही बोलल्या होत्या. सुट्टी मिळाली, पण बाळंतपणाचं काही नाही. बाई नववा महिना लागेपर्यंत गिरणीत, आणि बाळंत झाली की मजुरी बंद. म्हणून शक्य तितकं उशिरा घरी जायचं आणि शक्य तितक्या लवकर परत यायचं. १९२१-२२ च्या सुमारास मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या बाईंना गिरण्यांतल्या बायकांची पाहणी करायला नेमलं. त्या काळच्या अहवालांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. आई कामावर गेली की बाळ झोपून राहावं म्हणून त्याला अफू असलेली 'बाळागोळी' देत. वाचून चर्र होतं, पण त्या आईला नावं ठेवायच्या आधी तिच्यापुढे दुसरा रस्ता कुठला होता ते सांगा.

जगात तेव्हा हवा बदलत होती. १९१९ ला वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत प्रसूतीच्या आधी सहा आणि नंतर सहा आठवडे रजेचा ठराव झाला. आपल्याकडे मुंबई कायदेमंडळात १९२८ साली असवले यांनी बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक मांडलं. गिरणीमालकांचा विरोध होताच. जुलै महिन्यात त्यावर चर्चा झाली तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधेयकाच्या बाजूने उभे राहिले. त्यांचा मुद्दा साधा आणि पक्का होता. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळण्यात राष्ट्राचं हित आहे, आणि त्या बाईच्या श्रमांचा फायदा ज्या मालकाला होतो त्याने त्या खर्चाचा वाटा उचलावा. १९२९ ला मुंबई इलाख्याचा कायदा झाला. मदत तुटपुंजी, रोजचे आठ आणे, आणि रजा काही आठवड्यांची. पण हिंदुस्थानातला अशा प्रकारचा हा पहिला कायदा. पुढे काय झालं तेही सांगायला हवं. यानंतरच्या वर्षांत गिरण्यांतल्या बायकांचं प्रमाण घटत गेलं. रात्रपाळीची बंदी, नवी यंत्रं, आणि 'बाई ठेवली की भत्ता आला' हा हिशोब, अशी कारणं त्यामागे होती. विश्रांतीचा हक्क मिळाला आणि कामच गेलं, असं काहींच्या नशिबी आलं.

त्याच काळात दुसरीकडून वैद्यकाची वाट उघडत होती. कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या, त्यांच्या प्रबंधाचा विषयच मुळी हिंदू आर्यांमधलं प्रसूतिशास्त्र हा होता. स्वतः चौदाव्या वर्षी बाळंत होऊन दहा दिवसांत मूल गमावलेली मुलगी ती. तिने दुसरा विषय तरी कुठला घ्यावा? त्याच वर्षी मुंबईत बायका-मुलांसाठी कामा हॉस्पिटल उघडलं. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन सुरू झालं, तिथून परिचारिका तयार होऊ लागल्या. र. धों. कर्वे यांनी १९२१ ला संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि शिव्याशाप खाल्ले. मला विचाराल तर कंबरेच्या इतिहासात कर्व्यांचं नाव वरच्या ओळीत हवं. आजीची दहा बाळंतपणं झाली, आईची तीन, माझं एक. कुठल्याही तेलापेक्षा हा फरक मोठा आहे.

आणि व्यायाम? घाट चढून गेलं की लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन केलं, योगाचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला. मुंबईत सीतादेवी योगेंद्र यांनी १९३४ मध्ये खास बायकांसाठी योगाचं पुस्तक लिहिलं. १९४८ मध्ये अमेरिकेत अर्नोल्ड केगेल या डॉक्टरांनी ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंचे व्यायाम मांडले, ते आज जगभर शिकवतात. लघवी रोखताना आवळतो ते स्नायू आवळायचे आणि सोडायचे, एवढंच. शिंकलं की कपडे ओले होतात ही तक्रार आमच्या पिढीच्या कितीतरी बायकांनी जन्मभर सोसली, कुणाला सांगितलीही नाही. दोन मिनिटांचा हा व्यायाम कुणी आम्हाला शिकवला नाही.

आता माझं थोडं. मी १९९० पासून मुंबईला नोकरीला. सासर दहिवलीला, म्हणजे नदीपलीकडे. पहाटेची कर्जत लोकल, शंभर किलोमीटर जायचं, शंभर यायचं. रोजचे चार-साडेचार तास गाडीत. १९९२ ला दिवस राहिले. लेडीज डब्यातल्या बायका देवासारख्या. चौथी सीट काय, अख्खी खिडकी द्यायच्या. कुणी पाठीशी उशी म्हणून स्वतःची पर्स लावायची. पण ऑफिसात माझं काम काउंटरवरचं, उभं राहून. सातव्या महिन्यात पाय सुजायचे, कंबरेत कळ येऊन ती मागून मांडीपर्यंत उतरायची. साहेबांना म्हटलं, "बसायचं काम द्याल का?" ते म्हणाले, "मॅडम, एकाला दिलं की सगळ्यांना द्यावं लागेल." मी ओशाळून परत काउंटरवर. ऑफिसचं नाव सांगत नाही, त्याने आता काही होणार नाही.

सांगायचं ते वेगळंच. कितीतरी वर्षांनी मी १९६१ चा मातृत्व लाभ कायदा वाचला. त्यात चौथ्या कलमात स्पष्ट लिहिलंय की गरोदर बाईने विनंती केली तर बाळंतपणाच्या आधीच्या ठराविक काळात तिला कष्टाचं किंवा फार वेळ उभं राहायचं काम देता येणार नाही. म्हणजे मी जे ओशाळून मागत होते ते तीस वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेलं होतं! साहेबांना ठाऊक नव्हतं, मला ठाऊक नव्हतं, डब्यातल्या एकीलाही ठाऊक नव्हतं. तेव्हा रजा बारा आठवडे होती. २०१७ ला ती पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवडे झाली, २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तीच आहे. लेक माझी भाग्यवान. पण कायदा कपाटात आणि कंबर काउंटरवर, हे अजूनही कितीजणींचं असेल.

इथवर लिहून थांबले असते तर बरं झालं असतं. पण ज्या गोष्टीने मला त्या रात्री झोप लागू दिली नाही ती अजून सांगितलेली नाही.

साल १९७४. मी नऊ वर्षांची. आमच्या काकूचं बाळंतपण घरातच झालेलं, त्याच खोलीत. शेगडी अहोरात्र. कढत पाण्याला चूल वेगळी. लाकूड खूप लागायचं. ते आणायची एक कातकरीण, वाडीवरून. डोक्यावर मोळी घेऊन तीन-चार मैल चालत यायची. तिला आम्ही मोळीवाली म्हणायचो. नाव कधी विचारलंच नाही. त्या महिन्यात ती आली तेव्हा पोट अगदी खाली उतरलेलं. आजीने ओट्याच्या कडेला बसवलं, कोनाड्यातल्या वेगळ्या कपात चहा दिला, आणि मोळीवरून चार आण्यांची घासाघीस केली. मग आठ-दहा दिवस ती आली नाही. आजी कुरकुरली, लाकडं संपत आली म्हणून. आणि मग एक दिवस ती आली. डोक्यावर मोळी आणि पुढे लुगड्याच्या झोळीत एवढंसं बाळ.

आजीने बाळाला पाहिलं, "मुलगा का गं?" म्हणाली, मूठभर डिंकाचे लाडू दिले. आजी वाईट नव्हती. मोळी परसात पडली. मी त्यातलीच लाकडं उचलून आत नेली. त्यांचेच निखारे झाले आणि काकूच्या बाजेखाली गेले.

एका बाळंतिणीची कंबर शेकायला दुसरी बाळंतीण दहाव्या दिवशी मोळी घेऊन आली होती. आणि आम्हा कुणालाच त्यात काही वेगळं वाटलं नाही. मला तरी कुठे वाटलं? पन्नास वर्षं लागली.

सव्वा महिना ही आपली परंपरा, असं आपण अभिमानाने म्हणतो. ती परंपरा होती, पण ज्यांच्या घरात दुसरी कुणी राबायला होती त्यांची. माहेर हा एक प्रकारचा कायदाच होता, पण माहेरी कणगीत भात असेल तरच तो लागू व्हायचा. कर्जत-खालापूरच्या वाड्यांतली कितीतरी कातकरी कुटुंबं आजही दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. नवरा-बायकोची मजुरी एकत्र धरलेली. तिथे गरोदर बाई चिखल तुडवते, विटा वाहते. कायदा नोकरी असलेल्या बाईचा. तिला कोण रजा देणार? २०१७ पासून प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी पाच हजार रुपये मिळतात. काहीच नसण्यापेक्षा बरे. पण कागदपत्रं हवीत, बँकेचं खातं हवं, आणि भट्टीवरची बाई नोंदणीला गावात असायला हवी. पाच हजारांत किती दिवसांची मजुरी भरून निघते याचा हिशोब तुम्हीच करा.

लेकीला मी हे सगळं दुसऱ्या दिवशी सांगितलं. आधी तिच्या कंबरेचं बोललो. पोट पुढे येतं तसा शरीराचा तोल पुढे जातो, तो सावरायला कंबर मागे बाक घेते, सांधेही या काळात थोडे सैल होतात, म्हणून दुखतं. तेव्हा एका जागी फार वेळ उभं राहायचं नाही. उभं राहावंच लागलं तर एक पाय छोट्या पाटावर, आळीपाळीने. खालची वस्तू उचलताना कंबरेत वाकायचं नाही, गुडघे वाकवून बसायचं आणि वस्तू छातीशी धरून उठायचं. कुशीवर निजताना गुडघ्यांच्या मध्ये उशी. अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळायचं, मग हाताने रेटून बसायचं. चालणं रोज. सपाट चप्पल. बाळ झाल्यावर पाजताना बाळाला छातीपर्यंत आणायचं, आपण बाळावर ओणवं व्हायचं नाही. मांडीवर उशी घे. बाळाला काखेत हात घालून सारखं उचललं की अंगठ्याच्या बाजूला मनगट दुखतं, मला दोन महिने दुखत होतं, तेव्हा पंजा बाळाच्या खाली घालून उचल. तेल लावून घे खुशाल, बरं वाटतं. शेगडी मात्र नको. आणि कळा ठराविक वेळाने येऊन जात असतील, अंगावरून पाणी किंवा रक्त गेलं, लघवीला जळजळ होऊन कंबर दुखली, किंवा एकच पोटरी सुजून दुखू लागली, तर ते साधं दुखणं नव्हे, तडक डॉक्टर गाठायचा.

आई हे सगळं ऐकत होती. म्हणाली, "एवढं कोण लक्षात ठेवणार? मी आहे ना, पोट मी बांधून देईन." हात थरथरतात तिचे आता. पण तिने कपाटातून आजीचं एक जुनं लुगडं काढून ठेवलंय, मऊ झालेलं.

मग मोळीवालीची गोष्ट सांगितली. लेक बराच वेळ काही बोलली नाही. नंतर विचारलं, "मग तिचं पुढे काय झालं?"

मला माहीत नाही. गॅस आला, मोळी लागेनाशी झाली, आणि ती यायची बंद झाली. आईला विचारलं तर तिलाही आठवेना. नावच माहीत नसेल तर विचारणार तरी कुणाला?

संध्याकाळी लेकीने पुण्याला नवऱ्याला फोन लावला. माझ्या कानावर पडलं तेवढं सांगते. त्यांच्याकडे धुणंभांड्याला येणाऱ्या मुलीला पाचवा महिना आहे म्हणे. ती आठव्यापासून येणार नाही, तर बदली बाई बघायची, आणि तिचे पैसे मात्र चालू ठेवायचे, तीन महिने तरी, असं लेक सांगत होती. पलीकडून काही तरी विचारलं गेलं असावं, कारण ही जरा चिडून म्हणाली, "मला सव्वीस आठवडे देतायत ना? मग?"

मी भाजी निवडत होते, ती तशीच निवडत राहिले. मध्ये बोलले नाही.